बापूराव बेलिफ आणि सीलबंद साठ पानं

सगळ्यात आधी सांगून टाकते, सील मी फोडलं होतं. कुणी शेवटासाठी ताटकळत ठेवलं की माझं डोकं उठतं, आणि दुसऱ्याला तसं ठेवायची मला हौसही नाही. तेव्हा हे कुणी केलं, कसं केलं, याचा शोध घेत बसू नका. अमरावतीच्या आमच्या लहानशा वाचनालयात, मागच्या खोलीत, एका शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी, तिसरीच्या वर्गाची मास्तरीण, केसांतल्या आकड्यानं लाखेचं सील उकरून काढलं. तो विषय संपला. राहिले बापूराव गावंडे. लिहायचंय ते त्यांच्याबद्दल, आणि त्यांच्याबद्दल लिहायला बसले की अजूनही मला पहिल्यांदा राग येतो.

बापूराव कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचं समन्स घेऊन गावोगाव हिंडायचं, ज्याच्या नावाचं असेल त्याला गाठायचं आणि ते त्याच्या हाती द्यायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते रिटायर झाले होते. मूळचे मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातले, घरची काळी जमीन भाऊ करायचे, आणि हे अमरावतीत लेकीकडे राहायचे. उंच, वाळलेले, खांद्यात किंचित वाकलेले. अंगात कोर्टाचाच जुना काळा कोट. छातीवर जिथे तीस वर्षं पितळी बिल्ला होता तिथलं कापड उन्हापासून वाचून अजून काळंभोर होतं, बाकी कोट पार विटलेला. बाराही महिने काखेत छत्री. कुणाकडे गेले की चपला काढताना त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचे. कुत्री मागे लागली की चपला वळवत बसायला वेळ नसतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक खोड. काहीही द्यायचं असलं, पेपर असो, प्रसाद असो, चुन्याची डबी असो, ते समोर ठेवायचे नाहीत. तुमच्या तळहातावर ठेवायचे आणि तुमची बोटं मिटेपर्यंत आपला हात काढायचे नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा जरा विचित्रच दिसतोय. मग कळलं, ही नोकरीची सवय होती. माणूस सापडला नाही की समन्स त्याच्या दाराला चिकटवून परत यायची बेलिफाला मुभा असते. बापूरावांनी म्हणे तीस वर्षांत एकही समन्स दाराला चिकटवलं नाही.

"दारानं कधी कोर्टात येऊन जबानी देल्ली का?" ते विचारायचे. "कागद मानसाच्या हातात पडला पाह्यजे. तवाच तामील झाला म्हनाव."

त्यांची एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी दहादा तरी ऐकली असेल. दर्यापूरकडच्या कुठल्याशा गावात एक इसम यांना बघून घरातल्या कापसाच्या गंजीत जाऊन लपला. यांना ते कळलं. पण "मी पाह्यलं नव्हतं त्याले शिरतानी, मंग कसं म्हनाव का तो गंजीत हाये?" म्हणून हे गृहस्थ कापसाला बोटही न लावता ओट्यावर बसून राहिले. त्या इसमाच्या आईनं यांना भाकर घातली, यांनी तिच्या शेळ्यांना चारा घातला. सगळा दिवस गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी कापूस नाकात जाऊन तो गडी शिंकत शिंकत बाहेर आला. यांनी त्याला आधी पाणी प्यायला लावलं आणि मग समन्स हातात दिलं. ही गोष्ट सांगताना बापूराव हसायचे नाहीत. आम्हीच हसायचो.

आता वाचक मंडळाचं सांगते. नवीन पुस्तकाची एकच प्रत यायची आणि वाचणारे सहा-सात, म्हणून दर रविवारी सकाळी मागच्या खोलीत जमून मोठ्यानं वाचायचं असं आम्ही ठरवलं होतं. आवाज खणखणीत म्हणून वाचणारी मी. कपाटाची किल्लीही माझ्याकडे. चिटणीस आमचे वकीलसाहेब. वाचनालयाचे तेच चिटणीस, आमच्या शाळेच्या कमिटीवरही तेच. मधेमधे "मला वाटतं, आपण जरा तर्क करूया" असं म्हणायचे आणि तर्क स्वतःच करायचे. मग बडनेऱ्याहून सायकलनं येणारे रामदास तायडे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हंगामी कारकून. वय पंचवीसच्या आत, बोलायला कमी, ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या घरानं छप्पन्न साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. आणि बापूराव.

ज्ञान वाढवणारी पुस्तकं वाचावीत असा आमचा ठराव होता. तीन रविवार आम्ही ज्ञान वाढवलं आणि चौथ्या रविवारी सर्वानुमते रहस्यकथेवर आलो.

रहस्यकथा आणि बापूराव! देवा रे! त्या माणसानं मला जे पिडलं आहे! मी रंगात येऊन वाचायची, "बुटाला लागलेल्या मातीवरून त्यानं तत्काळ गाव ओळखलं." झालं, छत्री आपटली.

"थांबा, मास्तरीनबाई. कोनतं गाव?"

"पुढे येईल ना, बापूराव!"

"काळी माती हाये म्हनते. अमरावतीपासून अकोल्यापरेंत सारी मातीच काळी हाये. कोनतं गाव वयकलं यानं? त्याले त्या गावात चालतानी पाह्यलं का?"

पाह्यलं का! हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डिटेक्टिव म्हणाला, ही बाई खोटं बोलते आहे, की "पाह्यलं का?" वकीलसाहेब म्हणाले, मला पुतण्याचा संशय येतो, की "पाह्यलं का तुमी?" एकदा मी वैतागून म्हटलं, "बापूराव, पाहिलं असतं तर रहस्यकथा कशाला लिहिली असती?" तर शांतपणे म्हणाले, "तेच तं म्हनून राह्यलो. पाह्यलं नाई तं लिवाव काहून?" तायडे तेवढे गालात हसले. मी हात टेकले.

तर ती पहिली रहस्यकथा वाया गेली. आमच्या आधी कुणीतरी ती वाचली होती आणि चौथ्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'खून दिवाणजीने केला.' मी वाचतावाचता ते मोठ्यानं वाचून बसले! अशा लोकांना काय शिक्षा द्यावी मला कळत नाही. सगळे हळहळले, आणि पुढचं पुस्तक आलं तेव्हा बापूरावांनीच तोड काढली. नवं कोरं पुस्तक, कुणीही उघडायच्या आत, शेवटची साठ पानं सुतळीनं आवळून बांधायची आणि गाठीवर लाख ओतायची. कोर्टात मुद्देमाल बांधतात तशी. लाख त्यांनीच आणली, मेणबत्तीवर वितळवली आणि गरम असतानाच तिच्यावर आपल्या चुन्याच्या डबीचं झाकण दाबलं. त्या झाकणावर कसलीशी वेलबुट्टी होती, ती लाखेत उमटली. तशी डबी दुसरी नव्हती.

"आता कोनी म्हनू नये का मी वाचलं," बापूराव म्हणाले.

ही दुसरी कादंबरी म्हणजे एका इनामदाराचा खून. घरात पुतण्या, स्वयंपाकीण, आणि त्या रात्री बाहेरगावाहून आलेला एक डॉक्टर. चांगली होती हो! पण दर रविवारी एक प्रकरण वाचायचं ठरलं होतं, आणि बापूरावांच्या पायी चार पानं झाली तरी पुष्कळ. इनामदाराला मरून तीन महिने झाले तरी आमचा पंचनामा संपेना. मला स्वप्नात ती स्वयंपाकीण दिसायची. वर्गात पोरी पाढे म्हणायच्या आणि मी मनात म्हणायची, पुतण्याच असणार. असं करत करत एकदाचं शेवटचं मोकळं पान वाचून झालं. पुढच्या रविवारी सील उघडायचं होतं. आणि शुक्रवारी माझा धीर सुटला.

बसल्या बैठकीत साठ पानं वाचली मी. खून डॉक्टरनं केला होता. वाचून झाल्यावर मेणबत्ती लावून लाख पुन्हा चिकटवायला गेले तर ती पसरली आणि वेलबुट्टी गेली. तसंच ते पुस्तक कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि घरी येऊन पडून राहिले. त्या वेळी सगळा राग मला बापूरावांचा आला होता. धड वाचू दिलं असतं तर ही वेळ आली नसती, असं मी स्वतःला बजावत होते.

या सगळ्यात तायडेंचं काय पणाला लागलं होतं तेही इथेच सांगायला हवं. वाचनालयाला पगारी ग्रंथपालाची जागा मंजूर झाली होती आणि तायडेंनी अर्ज केला होता. नागपूरला जाऊन त्यांनी ग्रंथालयाची परीक्षा दिली होती. दर गुरुवारी ड्यूटी संपली की येऊन ते बिनपगारी, हौसेनं, पुस्तकांना नंबर चिकटवत बसायचे. एकदा मला म्हणाले होते, "पार्सल ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची खोकी मोजतो, बाई. एकही उघडून पाहता येत नाही. इथं सगळी उघडता येतात." त्यांना ती नोकरी मिळणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

रविवार उजाडला. आमच्यातच ठरल्याप्रमाणे आधी प्रत्येकानं आपल्याला वाटतो त्या खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलं. मी मुद्दाम 'पुतण्या' लिहिलं. मग कपाट उघडलं, पुस्तक बाहेर आलं, आणि पसरलेली लाख सगळ्यांना दिसली. बापूरावांनी ते हातात घेतलं, लाखेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

वकीलसाहेबांना मात्र इतका आनंद मी कधी झालेला पाहिला नव्हता. जन्मभर वाचलेला प्रसंग त्यांच्या घरी चालत आला होता! त्यांनी शेवटचं प्रकरण चाळलं, खुनी डॉक्टर असल्याचं जाहीर केलं आणि डबा उपडा केला. माझी चिठ्ठी पुतण्या. त्यांची पुतण्या. कुणाची स्वयंपाकीण. बापूरावांची कोरी. आणि तायडेंची, डॉक्टर.

"बाई," वकीलसाहेब माझ्याकडे वळले, "या आठवड्यात तुम्ही किल्ली कुणाला दिली होती?"

"तायडेंना. गुरुवारी," मी म्हणाले.

खरं होतं ते. अक्षर न अक्षर खरं होतं.

तायडे उठून उभे राहिले. म्हणाले, "मी नंबर चिकटवले आणि किल्ली परत दिली. आणि डॉक्टरचं म्हणाल, तर तो सहाव्या प्रकरणातच सापडला होता. मेलनं निघालो आणि तडक इनामदारांच्या गावी उतरलो, असं तो म्हणतो. ते गाव फाट्याच्या लाइनवर आहे. गाडी बदलल्याशिवाय तिथं पोचताच येत नाही. बडनेऱ्याला गाडी न बदलता मेलनं कुणी अमरावतीत आलंय का? ते वाक्य मी बाईंना दोनदा वाचायला लावलं होतं. बाई, आठवतं ना तुम्हाला?"

आठवत होतं. चांगलं आठवत होतं, कारण तेव्हा मी त्यांच्यावरही चिडले होते. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, कायम करणारे समोर बसले होते, घरी आई होती, भावाचं कॉलेज होतं. आणि हे सगळं नसतं तरी मी भ्यालेच असते.

"मधे सगळेच बोलायचे," मी म्हणाले. "नक्की आठवत नाही."

वकीलसाहेब हसले. "गाडीचं आता सुचलं वाटतं. स्पष्ट आहे सगळं."

तेव्हा छत्री आपटली.

"पाह्यलं का तुमी?"

"बापूराव, इथे पाहायचं काय राहिलंय? किल्ली यांच्याकडे, उत्तर यांच्याकडे!"

"गुरवारी किल्ली त्याच्यापाशी होती. शुक्रवारी कोनापाशी होती? शनवारी?"

"बाईंकडे. आणखी कुणाकडे असणार? बाईंचा प्रश्नच येत नाही."

"काहून येत नाई?" बापूराव म्हणाले. "अन् तायडेचाच काहून येते?"

त्या प्रश्नाचं उत्तर खोलीत सगळ्यांना माहीत होतं, ते तोंडानं बोलायची आमच्यात रीत नव्हती. बापूराव माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. कुणी घरात आहे की नाही हे पाहायला दाराकडे बघावं तसे. मी पुस्तकाची सुतळी गुंडाळत बसले. तायडेंनी आपली सायकलची किल्ली उचलली आणि निघून गेले. वकीलसाहेबांनी उरलेली पानं वाचून दाखवायला घेतली तसे बापूरावही उठले. शेवट ऐकायला ते थांबलेच नाहीत.

पुढे काय व्हायचं तेच झालं. तायडेंचा अर्ज बाजूला पडला आणि ग्रंथपाल म्हणून वकीलसाहेबांचा भाचा आला. तायडे पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत, रविवारचं मंडळही बंद पडलं. माझी नोकरी कायम झाली.

आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी बापूराव माझ्या ओट्यावर येऊन बसले.

आईनं चहा दिला. त्यांनी बशीतून प्यायला. पऱ्हाटीला बोंडं कशी लागली, लेकीच्या सासूचे गुडघे कसे दुखतात, असं काहीबाही आईशी बोलले. माझ्याशी एक अक्षर नाही. तासभर बसले आणि रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला पायात घालून निघून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा! मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसायची आणि कान बाहेर. एकदा तरी विचारतील, बाई, तुम्ही का? मी उत्तर तयार ठेवलं होतं. कधी कबुलीचं, कधी उलटून बोलण्याचं. विचारलंच नाही त्या माणसानं. आईला वाटायचं, किती सज्जन गृहस्थ! तिला काय सांगू, की आई, हा माणूस गंजीसमोर बसलाय.

संस्थेच्या अकोल्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा खरं सांगते, मी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन महिने झाले असतील. एका रविवारी दार उघडलं तर ओट्यावर काळा कोट.

"मूर्तिजापूरले आल्तो," म्हणाले. "म्हनलं चक्कर मारून पाहाव."

अशा चकरा त्यांनी पाच वर्षं मारल्या. दिवाळीच्या सुमाराला एक, उन्हाळ्यात एक. दर वेळी कोट जास्त विटलेला आणि बिल्ल्याची जागा जास्त काळी. शेवटी शेवटी ओट्याची पायरी चढताना भिंतीला हात लावायला लागले होते. मला त्यांची दया यायची नाही, संतापच यायचा. मरेपर्यंत हा माणूस असाच येत राहणार, आणि मेला तरी माझ्या ओट्यावर बसलेलाच राहणार, असं वाटायचं.

पाचव्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते आले, चहा प्यायले, आणि आंब्याच्या भावावर बोलायला लागले. माझा तोल गेला. आई आत होती, तिला ऐकू जाईल याचीही पर्वा राहिली नाही.

"काय पाहिजे तुम्हाला माझ्याकडून? बोला एकदाचं!"

"मले? काई नाई बा. चहा बेस झाला."

"सील मी फोडलं! शुक्रवारी! तायडेंनी नाही, मी! आणि ते सहाव्या प्रकरणातलं वाक्यही मला आठवत होतं! झालं समाधान?"

बापूरावांनी डबी काढली, चुना काढला, परत डबी बंद केली. तीच वेलबुट्टी.

"मी पाह्यलं नव्हतं," ते म्हणाले.

"पण तुम्हाला माहीत होतं!"

"वाटत होतं. वाटनं येगळं."

"मग एकदा तरी तोंडानं विचारायचं! पाच वर्षं, बापूराव! तुम्ही माझं नाव घेतलं असतंत तर मी तेव्हाच कबूल केलं असतं!"

"अन् मंग वकिलात अन् माह्यात फरक काय राह्यला असता?" त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "त्यानं न पायता तायडेचं नाव घेतलं, मी न पायता तुमचं घेतो! असा धंदा हाये का?" मग खाली बघून, हळूच, "अन् आता मले काहून सांगता? माह्यं काय गेलं? चला. अकराची पॅसेंजर हाये."

कशी गेले मी? आईला काहीतरी सांगितलं, पायात चपला सरकवल्या आणि गेले. गाडीत उकाडा नुसता. मूर्तिजापूर आलं, त्यांचं गाव तिथून दोन कोसांवर, पण ते उतरले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "त्या पुस्तकात डॉक्टर कबूल कसा झाला?" मी सांगितलं, डिटेक्टिव सगळ्यांना एका खोलीत बसवतो, पुरावे मांडतो, आणि डॉक्टर रडायला लागतो.

"म्हंजे घेरून बोलतं केलं त्याले," बापूराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

बडनेऱ्याला तायडे आता तिकीट खिडकीवर होते. नोकरी पक्की झाली होती, चष्मा लागला होता, कानाजवळ एक-दोन केस पिकले होते. तिकिटांच्या खणांखाली एक पुस्तक उघडं, पालथं घालून ठेवलेलं मला जाळीतून दिसलं. बापूरावांनी मला रांगेत उभं केलं आणि स्वतः दहा पावलांवरच्या खांबाला टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मास्तरीणबाई!" तायडेंनी मला ओळखलं. "कुठलं देऊ?"

मी सांगितलं. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं गेली, तीनच राहिली. सील मी फोडलं होतं. ते वाक्य तुम्ही मला दोनदा वाचायला लावलं होतं. मला तेव्हाही आठवत होतं.

तायडेंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

"गुरुवारचं तुम्ही खरं सांगितलं होतं," ते म्हणाले. "शुक्रवारचं राहिलं होतं."

"हो."

"त्या दिवशी सांगायला हवं होतं, बाई. त्या दिवशी त्याची किंमत होती." मागच्या माणसानं माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, त्याला नागपूरची घाई होती. "मागं लाइन आहे. कुठलं तिकीट?"

"अकोला," मी म्हणाले. त्यांनी तिकिटावर तारीख मारली आणि सरकवलं. मी बाजूला झाले आणि खांबापर्यंत कशीबशी आले.

"विचारत नाही का, ते काय म्हणाले?" मी बापूरावांना म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"नाई. बेलिफानं कागद द्याव. कागद वाचाव नाई."

"माफ केलं असेल का त्यांनी मला? तुम्ही सांगा. एवढं तरी सांगा!"

"मले काय मालूम, बाई," ते म्हणाले. "मी पाह्यलं नाई." आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघून, "तिकीट कुठी हाये?"

तिकीट मी खिडकीवरच विसरले होते. ते गेले, घेऊन आले, माझ्या तळहातावर ठेवलं आणि हात तसाच ठेवून उभे राहिले. मी बोटं मिटली तेव्हा त्यांनी आपला हात काढला.

अकोल्याला परतल्यावर मी वाचनालयाच्या चिटणिसांना सगळं लिहून कळवलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही, दुसऱ्यालाही आलं नाही, आणि भाचा तिथेच रिटायर झाला. बापूराव माझ्या ओट्यावर पुन्हा कधी आले नाहीत. पहिली एक-दोन वर्षं दिवाळी जवळ आली की मी रविवारी दार उघडून बघायची. मग बापूराव गेल्याचं त्यांच्या लेकीचं कार्ड आलं.

पण मला ते दिसतात ते त्या दिवशीचे. माझी गाडी प्लॅटफॉर्मला लागली होती. डब्याच्या खिडकीतून, तिकीटघराच्या उघड्या दारातून, मला तायडेंची खिडकी दिसत होती. रांग संपली होती. बापूराव जाळीपाशी वाकून उभे होते, छत्री काखेत. आतून एक हात बाहेर आला आणि त्या हातात ते पालथं घातलेलं पुस्तक होतं. तो हात बापूरावांची बोटं मिटेपर्यंत तसाच राहिला. दोघं काय बोलले मी ऐकलं नाही. तायडे हसत होते की नव्हते, तेही इतक्या लांबून कळलं नाही. पाहिलं तेवढं सांगितलं.